पिशवीतला चहा आणि हिचं नाक

आमच्या घरात चहाच्या पिशव्यांचा पहिला डबा आला, तेव्हा त्यातली पहिली पिशवी मी कात्रीने कापली. आतला चुरा पातेल्यात ओतला, वर दूध, साखर, आल्याचा तुकडा घातला आणि नेहमीसारखी खळखळून उकळी आणली. डबा घेऊन अंधेरीहून आलेली आमची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, ती पिशवी बुडवायची असते. फाडायची नसते."

"मग आधी सांगायचं ना."

"डब्यावर चित्र आहे की!"

चित्रात एक बाई डोळे मिटून, कप नाकाशी धरून बसली होती. तिच्याकडे बघून पिशवी कापायची की नाही हे कसं कळावं? तोवर दूध फाटलं होतं, कारण ती पिशवी निघाली जास्वंदीची. पातेल्यात गुलाबी गुठळ्या तरंगायला लागल्या. आमची ही ओट्यापाशी आली, आत डोकावली आणि म्हणाली, "गणपतीला वाहायची फुलं दुधात उकळलीत. फाटणार नाही तर काय होणार?"

मुलगी हसली, मीही हसलो. ही मात्र सवयीने पातेल्यावर वाकली, तिने वास घेतला आणि तिचं हसू तिथेच थांबलं. तिला काहीच वास आला नव्हता. आदल्या हिवाळ्यातल्या तापात तिचं नाक गेलं होतं आणि ताप उतरून बरेच महिने झाले तरी ते परत आलं नव्हतं.

त्या नाकाची, त्या डब्याची आणि पुढे गणपतीत जे झालं त्याची गोष्ट आमच्या इमारतीत अजून सांगितली जाते. ती सांगतात तशी नाही. तशी सांगायला सुरुवात मीच केली होती, म्हणून ती सरळही मीच करायला हवी. माझं वय झालं आहे. राहून जायला नको.

आम्ही नाहूरला राहतो, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इमारतीत निम्मी बिऱ्हाडं कोकणातली. माझे वडील गिरणीत होते, मी विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. ही लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात बरं-वाईट ठरवायचं काम हिच्या नाकाकडे होतं. मासळी बाजारात ती सुरमईचा कल्ला उचलून बघायची आणि तो नाकाशी नेऊन कोळिणीला म्हणायची, "कालची आहे गं." कोळीण भांडायची, पण दुसरी काढून द्यायची. दूध नासण्याच्या आदल्या संध्याकाळी हिला कळायचं. गॅसवर वरणाला फोडणी बसली की मी बाहेरून "मोहरी जळली" म्हणायचो, आणि ती म्हणायची, "तुमचं नाक वर्तमानपत्रात ठेवा."

आणि गणपतीत सोसायटीच्या नैवेद्याचे मोदक हिचे असायचे. ज्यांच्या घरी नैवेद्य होतो त्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो. देवाला दाखवण्याआधी ते अन्न चाखायचं नसतं. मीठ कमी आहे की जास्त, गूळ पुरला की नाही, हे जिभेवर टेकवून बघायची सोय नाही. काही घरांत वासही घेऊ देत नाहीत. आमच्याकडे तेवढी सूट होती. म्हणजे सगळा भरवसा हाताच्या अंदाजावर आणि नाकावर. सारण शिजताना ही कढईवर वाकायची आणि सांगायची, "वेलची पुरे," किंवा "अजून थोडी." एकदाही चुकली नव्हती.

नाक गेल्यावर तिने स्वयंपाक सोडला नाही, पण तिचा जीव त्यातून गेला. भात करपला तो शेजारून कोणीतरी ओरडल्यावर कळला. मुलुंडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकाला शिकवावं लागेल. रोज वेगवेगळे ठळक वास घ्यायचे, लक्ष देऊन, डोळे मिटून. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल हुंगून ही कंटाळली. "देवळात बसवल्यासारखं वाटतं," म्हणायची. म्हणून मुलीने चहाचा तो डबा आणला. नाना तऱ्हेचे वास, आणि वास घेऊन झाला की प्यायचा. फुकट काही जात नाही, हे हिला पटलं.

दुपारची झोप झाली की आम्ही गॅलरीत बसायला लागलो. मी कपात पिशवी सोडायचो, दोऱ्याची चिठ्ठी मुठीत लपवायचो आणि कप हिच्या नाकाखाली धरायचो. ती ओळखायची. मग मी सांगायचो, बरोबर की चूक.

मी जन्मभर दुधाचा, गोड, आल्याचा चहा प्यालेला माणूस. त्या डब्याने मला म्हातारपणी नवी जीभ दिली, असं म्हटलं तर ते खरं आहे. तुळशी-आल्याची पिशवी मला सगळ्यात आधी आवडली, कारण ती घशाला ओळखीची होती. आई सर्दीला काढा द्यायची त्याचाच हा शहाणा भाऊ. गवती चहाची पिशवी मात्र फसवी निघाली. आमच्या गॅलरीतल्या कुंडीतली ओली पात चुरगळली की जो वास सुटतो, त्याच्यापुढे पिशवीचा वास वाळत घातलेल्या चटईचा. पुदिन्याचा चहा म्हणजे दात घासून झाल्यावर चूळ न भरता वर गरम पाणी प्यायल्यासारखा. ही म्हणाली, "पण गार लागतोय." तेव्हा आम्हाला कळलं की पुदिन्याचा गारवा नाकाला नाही, जिभेलाच कळतो. जास्वंद आंबट, तीही जिभेला कळायची. त्या दोन पिशव्या परीक्षेतून बाद केल्या.

एक पिवळट फुलांचा चहा होता, झोप लागावी म्हणून पितात तो. आम्ही त्याला शेवंतीचा चहा म्हणायचो, तशी फुलं चित्रात होती. मला त्यात उन्हात तापलेल्या गवताचा वास यायचा, थोडा सफरचंदाच्या सालीचाही. संत्र्याच्या भावकीतल्या कुठल्याशा फळाच्या तेलाचा काळा चहा होता, त्याची पिशवी उघडली की केशकर्तनालयात गेल्यासारखं वाटायचं. प्यायला मात्र छान, दूध न घालता, किंचित साखर. लिंबू-मधाचा हिरवा चहा मला कधी जमला नाही. पिशवी जरा जास्त वेळ राहिली की कडू, लगेच काढली की नुसतं कोमट पाणी. बडीशेप-ओव्याचा चहा जेवणानंतर उत्तम. तो प्यालं की लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखं वाटतं.

एवढं सगळं मला यायचं. हिला काही नाही. "पाणी," ती म्हणायची. "गरम पाणी." दुसऱ्या दिवशी, "पाणी." मी "बघ ना नीट," म्हणायचो, ती डोळे मिटून पुन्हा वास घ्यायची, कपाळाला आठ्या पाडून. तिला तसं प्रयत्न करताना बघणं मला जड व्हायला लागलं. ती बोलेनाशी झाली होती. स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही बंद झालं होतं.

एका दुपारी मी शेवंतीचा कप धरला. ती बराच वेळ हुंगत राहिली आणि जरा बिचकत म्हणाली, "बडीशेप?"

मी म्हणालो, "बरोबर."

तिचा चेहरा काय झाला ते मला लिहिता येत नाही. तिने कप माझ्या हातातून घेतला आणि पूर्ण प्यायली. "बडीशेपच आहे," म्हणाली. "जराशी आहे, लांबून आल्यासारखी, पण आहे." त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. समोरच्या वहिनींनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी "गवती चहा?" म्हणाली, होता तुळशी-आल्याचा, मी "बरोबर" म्हणालो. एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं बोलायला लागतं असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत तसं नव्हतं. मला ते बोलायला आवडत होतं. ती पुन्हा गुणगुणायला लागली होती.

मग गणपती आले.

समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या दारासमोरच्या दारातल्या. मूळच्या मालवणकडच्या, हिच्यापेक्षा बऱ्याच लहान, हिला ताई म्हणतात आणि मला भावोजी. मोदकांचं खोबरं दरवर्षी त्या खवून द्यायच्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी मोठा डबा भरून ताजं, पांढरं खोबरं आणून दिलं. आमचा फ्रीज हारांनी आणि सोसायटीच्या दुधाने भरलेला होता. डबा ओट्यावरच राहिला, रात्रभर, त्या उकाड्यात.

सकाळी हिने झाकण उघडलं, डबा नाकाशी नेला, मान डोलावली आणि कढई ठेवली. मी दारात उभा होतो. ती मान कशाच्या आधारावर डोलली हे जगात फक्त मला माहीत होतं. "दे, मी बघतो," एवढं म्हणायचं होतं. माझं नाक धड होतं. पण मी ते म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का? मी आरतीचं तबक घासायला घेतलं.

वहिनी उकड काढायला आल्या, दोघींनी मोदक वळले, नैवेद्य झाला. मग खाली हॉलमध्ये प्रसाद वाटला. एका पोराने पहिला घास घेतला आणि आईच्या हातावर थुंकला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोदक फोडला, हुंगला आणि मोठ्याने म्हणाले, "काकू, यंदा सारणात लिंबू पिळलं काय? वाट लागली ना तोंडाची!" चार जण हसले. ही उभी होती तिथेच उभी राहिली.

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "खोबरंच तसं आलं होतं. आणलेलंच खराब होतं."

समोरच्या वहिनी हातात पाण्याचा जग घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी जग टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेल्या. पुढच्या दिवसांत आरतीला आल्या नाहीत. इमारतीत गोष्ट ठरली ती अशी: समोरचीने शिळं खोबरं दिलं आणि काकूंच्या इतक्या वर्षांच्या मोदकांना गालबोट लागलं.

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. हिने ती गोष्ट मानलीच नाही. "खोबरं चांगलं होतं, मी वास घेतला होता," ती म्हणायची. "माझ्याच हातून काहीतरी झालं. काय घातलं मी त्यात?" मग तिने सारखं आठवायला सुरुवात केली. गूळ कुठला, तूप कुठलं, डबे पुन्हा पुन्हा उघडून बघायची. आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, "नाक आलं, पण डोकं चाललं. आईचं असंच सुरू झालं होतं."

तिची आई शेवटी मुलांना ओळखत नव्हती. हिने ते सगळं जवळून पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिने गॅस पेटवणं सोडलं. "मला विसर पडला तर?" म्हणायची. पोळ्यांना बाई आली, भाजी मी करायला लागलो, वाईट करायला लागलो. दुपारचा चहा मात्र चालू होता, कारण तेवढं एक आपलं ठीक आहे असं तिला वाटत होतं. कप हुंगून ती काहीतरी म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणेन त्यावर तिचं त्या दिवसाचं सगळं अवलंबून असायचं.

एकदा मी केशकर्तनालयाच्या वासाचा तो काळा चहा धरला होता. ती म्हणाली, "तुळस."

"नाही," मी म्हणालो.

"नाही?"

"नाही. कालचीही नव्हती. परवाचा गवती चहाही नव्हता. बडीशेप कधीच नव्हती. मी खोटं बोलत होतो."

तिने माझ्या हातातून कप काढून घेतला.

"मोदकांच्या वेळी?"

"तेव्हाही. खोबरं आंबलं होतं. तुला वास आलाच नव्हता. ते आपल्याच ओट्यावर नासलं, वहिनींनी चांगलंच दिलं होतं."

तिने चहाचा घोट घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"ठीक आहे."

"मला काही झालेलं नाही."

"नाक सोडून काही नाही."

तिने पदराने डोळे पुसले आणि हसली. इतकं मोकळं हसली की क्षणभर मला वाटलं, सुटलो. कप खाली ठेवल्यावर ती म्हणाली, "इतके दिवस मी वेडी होणार म्हणून झुरत होते, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होता." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. अगदीच गरज पडली तर भिंतीशी बोलायची. "मीठ संपलंय म्हणावं." भिंत आणि मी दोघेही ऐकायचो. मग एक दिवस भिंतीला सोडून थेट मला म्हणाली, "मला सांगितलंत तसं समोर जाऊन तिलाही सांगा. मी येणार नाही. एकटे जा."

मी गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कप, चिठ्ठ्या, बडीशेप, ओटा. त्या चवळीच्या शेंगा मोडत राहिल्या. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाल्या, "माका तेव्हाच वास इल्लो."

"काय?"

"सारण शिजत होतं ना, तेव्हाच. आंबूस. मी तोंड उघडणार होते. पण ताई म्हणाल्या, छान झालंय. आणि तुम्हीच सगळ्या मजल्यांवर सांगत फिरत होतात, हिचं नाक आलं, हिचं नाक आलं. मी म्हटलं, ताईंच्या नाकापुढे माझं काय? माझंच बिघडलं असेल. नैवेद्याचं, म्हणून दुसऱ्यांदा हुंगायलाही गेले नाही." मग त्यांनी शेंग माझ्या दिशेने रोखली. "भावोजी, त्या दिवसापासून मी घरात रोज दूध हुंगून बघतेय. नवरा हसतो मला."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी मागताय ती ठीक. पण खाली हॉलमध्ये बोलला होतात, ते हॉलमध्ये निस्तरा." सोसायटीच्या पुढच्या सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर, मी उठून निस्तरलं. लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ म्हणाले, "काका, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेता." इमारतीत खरी गोष्ट खोट्या गोष्टीइतकी पसरत नाही. अजूनही कोणी नवीन माणसाला शिळ्या खोबऱ्याचीच गोष्ट सांगतं. म्हणून हे लिहितो आहे.

त्यानंतर दुपारी चहाला तीन कप निघायला लागले. वहिनींनी स्वतःहूनच ठरवलं की यापुढे पिशवी त्या सोडणार आणि बरोबर-चूक त्या सांगणार. मला फक्त पाणी उकळायची परवानगी. "तुम्ही पंच म्हणून बाद," त्या म्हणाल्या. ही हसली. ते माझ्यावरचं हसू होतं, आणि मला ते चाललं.

वहिनींच्या हाताखाली हिला रोज खरं उत्तर मिळायला लागलं. "चूक, ताई." "चूक." "आजपण चूक हं." मला वाटलं होतं ती मोडेल. उलट झालं. ती आता "बडीशेप?" असं विचारत नव्हती. "काही येत नाही," म्हणायची, स्वच्छ आवाजात, आणि कप प्यायची. काही येत नाही हे तिचं स्वतःचं उत्तर होतं आणि ते बरोबर होतं. त्या भरवशावर तिने पुन्हा गॅस पेटवला. घड्याळ लावून भात करायची. दूध आलं की दार उघडून समोर वाटी पुढे करायची, "हुंग गं जरा," आणि वहिनी तिथूनच म्हणायच्या, "फस्क्लास."

थंडी सरताना एकदा मी तिघांना कप भरून आणले. आतला चहा शेवंतीचा होता. हिने कप उचलला, नाकाशी नेला आणि पटकन लांब धरला.

"शी! या कपाला अंड्याचा वास येतोय. कोणी धुतला?"

सकाळी ऑम्लेट मी केलं होतं. कपात अंडी फेटली होती आणि नुसत्या पाण्याने विसळून ठेवला होता. मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी कप घेतला, हुंगला आणि हिच्या हातात परत दिला. मग त्यांना हसू फुटलं. "बरोबर, ताई," म्हणाल्या. "अगदी बरोबर."

हिने पुन्हा कप नाकाशी नेला. तोच घाण वास तिने तीनदा घेतला. मग मला म्हणाली, "साबण नावाची एक वस्तू असते घरात."

पन्नासच्या वर वर्षं मी हिच्या हातचा चहा पितो आहे. तिने आजवर मला जे काही दिलं, त्यात हे वाक्य फार वरचं आहे.

नाक पूर्ण आलेलं नाही, हे लिहायलाच हवं. आता तिला तुळशी-आल्याचा येतो, बडीशेपेचा खराखुरा येतो, केशकर्तनालयाचा येतो पण तिला तो रबर जळाल्यासारखा वाटतो, म्हणून तो मी एकटाच पितो. शेवंतीचा अजून नाही. मासळी बाजारात ती कल्ला उचलून माझ्यापुढे धरते, मी "ताजी" म्हणालो की वहिनींपुढे धरते. बरोबरच आहे तिचं.

यंदाचे मोदक ती करणार आहे. मी विचारलं, जमेल का? ती म्हणाली, "खोबरं फ्रीजमध्ये राहील. हार तुम्ही बादलीत ठेवा. आणि सारणावर आम्ही दोघी वाकू. एकीला काही आलं आणि दुसरीला नाही, तर टाकून देऊ, पुन्हा करू." मग म्हणाली, "तुम्ही हॉलमध्ये सतरंज्या घाला."

मी सतरंज्या घालणार आहे.